थियाच्या मापाचा कोट

१ ऑक्टोबर, शनिवार

आलो एकदाचे. साडेसहा तास गाडी चालवली, शेवटचे दोन तास एका बाजूला झाडं आणि दुसऱ्या बाजूला तळं. तळं म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसत नाही. लॉटी खिडकीला नाक लावून बसली होती. घर हिरव्या रंगाचं, दुमजली. खाली मालकीणबाई मिसेस कांगस, वर आम्ही दोघी. जिन्याला सतरा पायऱ्या आहेत, हे लॉटीने सामान यायच्या आधीच मोजून सांगितलं.

मिसेस कांगस पंच्याहत्तरीच्या, काठी टेकत चालतात, पण पेटी उचलायला पुढे. आम्ही येणार म्हणून बटाटा-मांस भरलेल्या, करंजीसारख्या चार गरम पेस्ट्या करून ठेवल्या होत्या. लॉटीने दोन खाल्ल्या. किती दिवसांनी तिला असं खाताना पाहिलं. बाईंनी विचारलं, मुलगी एकुलती एक का? मी हो म्हणाले. लॉटीने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खायला लागली.

जुन्या गावातल्या समुपदेशक बाईंनी ही वही दिली, रोज चार ओळी लिही म्हणाल्या. आज चारपेक्षा जास्त झाल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाणी दिसतं. मला बरं वाटतंय. हे वाक्य वर्षभरात पहिल्यांदा लिहिते आहे.

४ ऑक्टोबर, मंगळवार

बेकरीतलं काम सोपं आहे. सकाळी सहा ते दोन. पहाटे लॉटीला झोपेतच मिसेस कांगसकडे सोडते, त्या तिला शाळेत पोचवतात. बदल्यात मी त्यांना कालचा पाव आणून देते. त्या म्हणतात, ताजा पाव दातांना लागत नाही, शिळाच बरा, निदान भांडतो तरी.

संध्याकाळी लॉटीने विषय काढला. हॅलोविनला तिला कॅप्टन टँझी व्हायचंय.

इथे लिहायलाच हवं. टँझी म्हणजे त्या सिनेमातली कोल्हीण, पिवळा लांब कोट घालून बोट चालवणारी, वादळात बुडणाऱ्यांना वाचवणारी. ‘बोटीत अजून एकाला जागा आहे’ हे तिचं वाक्य. हा सिनेमा माझ्या दोन्ही मुलींनी इतक्या वेळा पाहिला की मला आवाज बंद करूनही संवाद म्हणता येतील. दोन्ही मुलींनी. थिया मोठी होती. गेल्या वर्षी टँझी ती होणार होती आणि लॉटी तिच्याबरोबरचं बदक. मी कापड कापलं होतं. सतरा ऑक्टोबरला थिया गेली. मेंदूच्या आवरणाला सूज, तापाच्या तिसऱ्या दिवशी. साडेआठ वर्षांची होती.

माझा नवरा रे तेव्हापासून टेक्सासला असतो. तो फोन करतो, पण तिचं नाव घेत नाही. मीही घेत नाही. लॉटीलाही सांगितलंय, नव्या गावात नको.

मी लॉटीला म्हणाले, दुसरं काही हो ना. ती म्हणाली, बदक नको, बदक लहान मुलांचं असतं. मग म्हणाली की मी आता आठची आहे.

८ ऑक्टोबर, शनिवार

गेल्या वर्षीच्या कापडाची पेटी उघडली. सगळं तसंच होतं. पिवळं मेणकापड, अस्तराचं निळं, कोल्हिणीच्या तोंडासाठी नारिंगी लोकर-कापड, सहा पितळी बटणं. तपकिरी कागदावर काढलेला नमुना, कोपऱ्यात पेन्सिलने ‘थिया’ आणि खाली मापं. छाती सव्वीस इंच, बाही सतरा.

नव्याने बेतायचं म्हणून लॉटीला खुर्चीवर उभं करून माप घेतलं. छाती सव्वीस, बाही सतरा. पुन्हा घेतलं. नमुन्यात कुठेही अर्धा इंचसुद्धा बदलावा लागला नाही. वर्षात पोरगी उंच झाली, मला कळलंच नाही.

मिसेस कांगसनी त्यांचं शिलाईयंत्र दिलं. माझी टीप पाहून म्हणाल्या, “कोरिन, ही शिवण आहे की बर्फातून कोंबडी चालत गेली?” खूप हसलो तिघी. कोटाची पाठ आणि पुढचा भाग जोडून झाले. काज हाताने करते आहे.

१२ ऑक्टोबर, बुधवार

कोट तयार. लॉटीने घातला आणि आरशासमोर उभी राहिली. बटणं लावली, वरपासून खालपर्यंत, सहाही, डाव्या हाताने.

लॉटी उजव्या हाताची आहे. डावरी थिया होती.

नवा कोट, काज घट्ट, हात बदलला असेल.

१५ ऑक्टोबर, शनिवार

टोपरं आणि तोंड. टोपरं कोटाच्या गळ्याला जोडलं, कान उभे राहावेत म्हणून आत पुठ्ठा घातला. तोंड वेगळं, लांब नाकाचं, मागे फितीने बांधायचं. डोळ्यांच्या भोकांना काळ्या दोऱ्याने कड केली. तीन वेळा उसवलं. एक डोळा मोठा होत होता आणि कोल्हीण घाबरल्यासारखी दिसत होती.

दुपारी लॉटीने सगळं घातलं. खिडकीशी जाऊन बसली, पाय हलवत. मी भांडी घासत होते. मागून गुणगुणणं ऐकू आलं. सिनेमातलं गाणं नाही. थिया चित्र काढताना गुणगुणायची, सूर ना ताल, तेच एक वर-खाली. मी नळ बंद केला. गुणगुणणं चालूच होतं. मी वळले नाही. वळले असते तर थांबलं असतं असं वाटलं.

१७ ऑक्टोबर, सोमवार

आज एक वर्ष.

बेकरीतून आले. लॉटी शाळेतून आली तशी सरळ कोट, टोपरं, तोंड चढवून माझ्या पलंगावर येऊन बसली. मी म्हणाले, लॉटी, आज नको गं, मला बरं नाही. ती म्हणाली, “मला माहीत आहे. तू त्या दिवशी म्हणालीस, मुकाट्याने झोप, नाहीतर टँझी मिळणार नाही. मी झोपले होते, मम्मा. खरंच झोपले होते.”

त्या दुपारी घरात आम्ही दोघीच होतो, थिया आणि मी. लॉटी आजीकडे होती. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. रेला नाही, समुपदेशक बाईंना नाही, या वहीलाही नाही. मला वाटलं होतं साधा फ्लू आहे. कामावर जायचं होतं, तिला एकटीला ठेवून गेले. मी दार ओढून घेतलं.

मी तिला जवळ घेतलं. कोटाचं मेणकापड गार होतं. मी थियाच्या नावाने हाक मारली आणि ती म्हणाली, हं.

किती वेळ रडत होते कोण जाणे. मग तिने स्वतःच फीत सोडली, तोंड काढलं, आणि लॉटीने माझ्याकडे पाहून विचारलं, मम्मा, तू का रडतेस? पाच कधी वाजले? तिला आत्ताच शाळेतून आल्यासारखं वाटत होतं.

१९ ऑक्टोबर, बुधवार

काल मी काही केलं नाही. आज लॉटीला मीच म्हणाले, कोट घालून बघ बरं, बाही नीट बसते का.

बाही नीट बसते हे मला माहीत होतं.

तास दीड तास बसलो. तिने जुन्या घरामागच्या कुंपणाचं सांगितलं, मेलेल्या सशाचं सांगितलं, बाबा गाडीत एकटा रडायचा ते सांगितलं. मी तिला सांगितलं की मला माफ कर. ती म्हणाली, कशासाठी? अगदी थियासारखी, मान वाकडी करून, लांब नाक खांद्याला टेकवून. मला हसू आलं. वर्षभरात मी इतकी सुखी नव्हते.

नंतर लॉटी थंडगार पडली होती. गरम पाण्यात बसवली, सूप दिलं. दोन घोट घेऊन झोपली.

२२ ऑक्टोबर, शनिवार

काल शाळेतून फोन आला होता. लॉटी वर्गात झोपते, हात बर्फासारखे असतात, शुद्धलेखनाच्या कागदावर दुसऱ्याच कोणाचं नाव लिहिते. शाळेतल्या बाईंनी विचारलं, थिया कोण? मी म्हणाले, सिनेमातलं काहीतरी असेल.

आता लिहिताना स्वतःची लाज वाटते. फोनवर बोलताना वाटली नाही.

आज सकाळपासून जेवणापर्यंत कोट घातलेला होता. मीच काढू दिला नाही.

२४ ऑक्टोबर, सोमवार

मिसेस कांगस वर आल्या. काठी टेकत सतरा पायऱ्या. बसल्या, कॉफी घेतली नाही. म्हणाल्या की पोरीच्या गालाची हाडं दिसायला लागली आहेत, आणि सकाळी तिला वेणी घालताना तिने विचारलं, माझं नाव काय आहे?

मग मी त्यांना सगळं सांगितलं. थियाचं, तापाचं, कोटाचं. मला वाटलं हसतील, नाहीतर डॉक्टरांना बोलवा म्हणतील. त्यांनी खिडकीतून पाण्याकडे बोट केलं. त्यांचा नवरा याच तळ्यात बोटीसकट गेला, एकोणचाळीस वर्षांपूर्वी. तीन हिवाळे त्यांनी त्याचे बूट दाराशी ठेवले होते आणि रोज त्याचं पान वाढलं होतं. तिसऱ्या हिवाळ्यात त्यांचा धाकटा दीर त्या पानावर जेवायला बसला. वसंतात तोही बुडाला.

उठताना म्हणाल्या, “मेलेल्या माणसाला जेवायला बोलावू नये, कोरिन. त्याच्यासाठी रिकामं ताट नसतं. तो जेवणाऱ्याला उठवून बसतो. आणि दोष त्याचा नसतो गं, त्याला भूक असते.”

२५ ऑक्टोबर, मंगळवार

कोट गाडीच्या डिकीत ठेवला, किल्ली बेकरीत ठेवून आले. लॉटी घरी आली, पोशाख शोधला नाही, काही विचारलं नाही. अंडं खाल्लं, गणितं केली, उजव्या हाताने. मला म्हणाली, मम्मा, आज मी दिवसभर होते. तिला बरं वाटलं होतं त्याचं.

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मनात आलं — पण ती कुठे असेल मग? डिकीत, अंधारात?

बेकरीत जाऊन किल्ली घेऊन आले.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

लॉटीने घालायला नको म्हटलं. आत गार पाणी आहे म्हणाली, पाय टेकत नाहीत. मी म्हणाले, अगं थोडा वेळच. ती रडली. मी तिचे हात बाह्यांमध्ये घातले.

मीच घातले.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

आज थियाला विचारलं. तू इथे असतेस तेव्हा लॉटी कुठे असते?

म्हणाली, “मी असायचे तिथे. खाली. पहिल्यांदा भीती वाटते, मग सवय होते. मला झाली ना.”

मी म्हणाले, दोघी नाही का राहता येणार? बोटीत अजून एकाला जागा असते ना, राणी?

तिने माझा हात थोपटला. मग हळूच, मला समजावल्यासारखं म्हणाली, “ते सिनेमात, मम्मा.”

३० ऑक्टोबर, रविवार

तिला सांगितलं. उद्याचा दिवस. तुला जे हवं होतं ते सगळं, दारोदार हिंडणं, पिशवीभर गोळ्या, सगळं. मग पुरे. मग मला लॉटी परत हवी.

ती लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच की मीच पुन्हा विचारलं. फक्त फीत सैल पडते म्हणाली, तोंड घसरतं, उद्या टाके घालशील का?

मी हो म्हणाले.

३१ ऑक्टोबर, सोमवार

दुपारी टाके घातले. तिला समोर बसवून, तोंड टोपऱ्याला, कडेकडेने. अगदी स्थिर बसली होती. एक टाका गळ्यापाशी घालताना आतून बारीक आवाज आला, मम्मा, टोचतंय. थियाचा नव्हता तो आवाज. मी सुई थांबवली.

मग पुढचा टाका घातला.

चारला निघालो. गावभर मुलं. सगळ्यांनी पोशाखाचं कौतुक केलं, घरी शिवलाय हे खरं वाटेना कोणाला. ती प्रत्येक दाराशी पायरी उडी मारून चढत होती, थिया चढायची तशी. मी फुटपाथवर उभी राहून बघत होते. देवा, मी फक्त बघत होते.

मिसेस कांगस दारात गोळ्यांचं टोपलं घेऊन बसल्या होत्या. वाकून डोळ्यांच्या भोकांतून आत पाहिलं. म्हणाल्या, लॉटी, कोणती देऊ? ती म्हणाली, लॉटी नाही. बाईंनी टोपलं खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं.

घरी आल्यावर म्हणाली, आजची एक रात्र यातच झोपू दे. मी दमले होते. हो म्हणाले.

१ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळ. निघत नाही.

बटणं निघत नाहीत, काज दिसतच नाहीत — पिवळं सलग झालंय. माझे टाके होते कोंबडीच्या पावलांसारखे. हे तसे नाहीत. बारीक, घट्ट, हजारो. हात लावला तर गरम लागतं. नारिंगी कापडाखाली काहीतरी ठोकतंय, नाडीसारखं.

आतून खोकला. लॉटीचा. खूप खालून आल्यासारखा.

थिया म्हणते, थोडा वेळ थांब, ती दमेल. मग दुखणार नाही तिला.

नंतर

मिसेस कांगसना हाक मारली. त्या आल्यात. तिचे पाय मांडीवर धरून बसल्या आहेत. छोटी कात्री त्यांचीच. म्हणाल्या, जिथून शिवायला सुरुवात केलीस तिथून उसव, आणि ती काहीही बोलली तरी उत्तर द्यायचं नाही, हात पुढे केला तरी धरायचा नाही. उत्तर दिलंस की टाका परत बसतो.

खरं आहे. दोनदा दिलं. दोनदा बसला.

म्हणून इथे लिहिते. तोंडातलं उत्तर हातात.

हनुवटीपासून कानापर्यंत झालं — धागा तुटताना ती कण्हते — माझी थिया कण्हते आहे आणि मी —

लिही, कोरिन, बाई म्हणतात. बोलू नकोस, लिही.

थिया विचारते, मी काय केलं?

काही नाही. काही नाही गं. तू काहीच केलं नाहीस. मी ताप बघितला नाही. मी दार ओढून घेतलं. आणि आता पुन्हा —

नंतर

दुसरा कान झाला. खोकला नाही ऐकू येत. बाई म्हणतात पाय गार होत चाललेत, घाई कर. एक डोळा दिसतो भोकातून. मिटलेला. कोणाचा, कळत नाही. दोघींच्या पापण्या सारख्याच होत्या.

ती म्हणते, तिकडे कोणी नाही, मम्मा. एकटीच असते मी.

म्हणते, माझी पाळी यायला वेळ लागला तरी चालेल, मी भांडणार नाही. मला फक्त टँझी व्हायचं होतं.

झालीस ना. छान झालीस. सगळ्या गावाने —

सात उरले.

कात्री घसरते. हात ओला आहे.

चार. कापडाखालून श्वास. एकच, मोठा, पाण्यातून वर आल्यासारखा — बाई म्हणतात थांबू नकोस —

दोन. थिया आता विनवत नाही. शांत झाली आहे. विचारते, दुखेल का?

उत्तर द्यायचं नाही.

एक. शेवटचा, गळ्यापाशी. तिने बाहीतून हात बाहेर काढलाय, डावा. म्हणते, मम्मा, या वेळी तरी हात धर. एका हातात कात्री आहे, दुसऱ्यात ही पेन्सिल, म्हणून पेन्सिल खाली ठे